चौथ्या कादंबरीची पावसाळी खबर आणि एक अडलेला प्रश्न: नवव्या प्रकरणातच खोटं पकडलं जातंय

तपासनीस:

नमस्कार मंडळी,

पावसाळा अर्धा सरला, तेव्हा ठरल्याप्रमाणे तिमाही खबर देते. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: दिवसा मी हिशेबतपासणी करते आणि पहाटे पाच ते साडेसात रहस्यकादंबऱ्या लिहिते. तीन छापून आल्या आहेत, चौथी टेबलावर आहे. आजचा प्रश्न तिच्याचबद्दल आहे. घाई असेल त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

आधी तिसरीचं. तिचं ऑडिओबुक गेल्या महिन्यात पूर्ण झालं. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा, कारण यात एक धागा उघड होतो. त्या कादंबरीत तीन निनावी पत्रं आहेत. पत्र लिहिणारा 'आणि' हा शब्द दर वेळी 'आणी' असा, दुसऱ्या वेलांटीने लिहितो. दीडशे पानांनंतर एका घरखर्चाच्या वहीत तीच दुसरी वेलांटी येते. कुठलंही पात्र तिच्याकडे बोट दाखवत नाही, पण वाचकाच्या डोळ्यासमोर ती असते. छपाईच्या वेळी मुद्रितशोधनात पत्रांतले आणि वहीतले सगळे 'आणी' सुधारून 'आणि' झाले. सुधारणाऱ्याची चूक नव्हती, मीच हस्तलिखितासोबत तशी सूचना दिली नव्हती. शेवटचं प्रूफ रात्री बारा वाजता चाळताना पहिल्या पत्रावर नजर गेली आणि हात थंड पडले. एकवीस ठिकाणी दुसरी वेलांटी परत घातली. तेव्हापासून प्रत्येक हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मी पान आणि ओळ देऊन यादी जोडते: 'या चुका मुद्दाम आहेत, कृपया तशाच ठेवाव्यात.'

ऑडिओबुकच्या वेळी तोच धागा पुन्हा आडवा आला. शब्दाच्या शेवटची वेलांटी ऱ्हस्व असो की दीर्घ, मराठीत आपण ती लांबच उच्चारतो. कानाला 'आणि' आणि 'आणी' एकच. वाचणाऱ्या कलाकार बाईंनीच फोन करून विचारलं, "हे मी ऐकवू कसं?" दोन संध्याकाळी त्यावर गेल्या. शेवटी दोन वाक्यं नव्याने लिहिली. पत्र मोठ्याने वाचताना हवालदार थबकतो आणि म्हणतो, "णीला दुसरी वेलांटी दिलीय." वही चाळताना नात म्हणते, "आज्जीने ही वेलांटी बघितली असती तर पट्टीच मारली असती." ऐकताना या दोन वाक्यांत साडेचार तासांचं अंतर पडतं. कुणी ऐकलं असेल तर दुसऱ्या वाक्याला पहिलं आठवलं का, ते मला जरूर कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता चौथी. पहिला खर्डा एक लाख बारा हजार शब्दांचा झाला होता. तीन महिन्यांत तो एक्क्याण्णव हजारांवर आणला. दोन अख्खी पात्रं गेली. त्यातला एक निवृत्त पोस्टमास्तर मला फार आवडायचा, पण त्याला जे माहीत होतं ते सगळं आणखी कुणाला तरी माहीतच होतं. माझ्याकडे एक खतावणी असते. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रकरणांचे आकडे आणि प्रत्येक चौकोनात 'याला या क्षणी काय माहीत आहे'. पोस्टमास्तरांच्या ओळीत एकही चौकोन असा निघाला नाही, जो दुसऱ्या ओळीत नव्हता. ज्या नोंदीला स्वतःचं व्हाउचर, म्हणजे पुराव्याची पावती, नाही ती मी खात्यात ठेवत नाही. कादंबरीतही ठेवली नाही.

चंद्राचंही सांगते, कारण गेल्या वेळी दोघांनी विचारलं होतं. हो, मी प्रत्येक रात्रीचा चंद्र तपासते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. माझ्या खर्ड्यात पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र 'नुकताच डोंगरामागून वर आला' होता. मध्यरात्री तो जवळपास डोक्यावर हवा. हे कळल्यावर अख्खा पाठलाग पौर्णिमेनंतरच्या सातव्या रात्रीवर ढकलला. तेव्हा चंद्र मध्यरात्रीच्या आसपासच उगवतो आणि अर्धाच असतो. पाठलागाला तो अर्धा उजेड जास्त चांगला मिळाला.

आता मूळ प्रश्न. खुनी कोण ते इथे सांगत नाही, पण एवढं सांगावंच लागेल.

एक एकटे राहणारे निवृत्त सर्व्हेअर. खालच्या मजल्यावर पुतणी. उन्हाळ्यातल्या एका सकाळी काका अंथरुणात उताणे, हात शांतपणे अंगाशी, मृत सापडतात. साडेअकराला डॉक्टर येतात. सातव्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओळीत ते म्हणतात, "लिव्हिडिटी छातीवर आणि पोटावर स्थिर झाली आहे. म्हणजे सकाळी सातपर्यंत तरी हा देह पालथा होता." (मृत्यूनंतर रक्त फिरायचं थांबतं आणि वजनाने खालच्या बाजूला साठून कातडीवर जांभळट डाग धरतं. काही तासांनी तो डाग पक्का होतो, मग देह फिरवला तरी हलत नाही.) नवव्या प्रकरणात पुतणी जबाबात सांगते, "मी सहाला डोकावले तेव्हा काका उताणे झोपले होते."

ती खोटं बोलते आहे. खून तिने केलेला नाही. आठच्या सुमाराला ती वर गेली, काका पालथे मृत होते. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला एका कपाटाची किल्ली असायची. ती काढायला तिने त्यांना उताणं केलं. ती किल्ली तिला का हवी होती यावर पुढची तीस प्रकरणं उभी आहेत.

मी पाच जणांना खर्डा वाचायला दिला. प्रत्येक प्रकरण संपल्यावर समासात पेन्सिलीने 'आत्ता माझा संशय कुणावर' एवढंच लिहायचं. पाचांपैकी चौघांनी नवव्या प्रकरणाखाली 'पुतणी' लिहिलं आणि चाळिसाव्यापर्यंत ते बदललं नाही. एकाने तर तिथेच 'किल्लीसाठी?' असंही लिहून ठेवलंय.

आता मी काय करू? डॉक्टरांची ती ओळ काढली की चौघेही फसतील, पण मग शेवटी तपास अधिकारी ती बाहेर काढेल आणि वाचकाला ती कधी दिलेलीच नसेल. असं मला करायचं नाही. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यात एक असा की तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक दुवा त्याच क्षणी वाचकापुढे ठेवला गेला पाहिजे. त्या यादीतले काही नियम आज टिकत नाहीत. हा मात्र मी कधी मोडणार नाही. वाचक पैसे आणि आठ-दहा तास देऊन माझ्यासमोर बसतो. त्याच्यापासून व्हाउचर लपवून ताळेबंद दाखवणं मला जमणार नाही.

ओळ ठेवू आणि झाकू? की पुतणीचं खोटं लवकर पकडलं गेलं तरी चालेल असं धरून पुढे जाऊ? वाचक म्हणून, लिहिणारे म्हणून, मोकळेपणाने सांगा.

(पाचवीचं बी पडलंय, ते शेवटी सांगेन.)

---

शेवटचं पान:

ताई, मी निव्वळ वाचक, लिहिणारा नाही. तरी सांगतो.

पुतणी खोटं बोलते हे मला नवव्यात कळलं तर मी पुस्तक ठेवून देणार नाही. उलट तिच्या प्रत्येक वाक्यापाशी थांबेन. चित्रपट दिग्दर्शक हिचकॉक यांचं ते टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण आहे ना, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी झालेल्या दीर्घ मुलाखतींतलं. दोन माणसं गप्पा मारतायत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बाँब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात.

पण त्या समासातल्या नोंदी बघता मला वेगळंच दिसतं. चौघांनी 'पुतणी' लिहिलं ते 'खोटं बोलतेय' म्हणून की 'खून केला' म्हणून? मला वाटतं खून म्हणून. म्हणजे ते बाँबकडे बघत नव्हते, त्यांच्या लेखी गोष्ट संपली होती. तीस प्रकरणं ते फक्त आपलं बरोबर निघतंय का एवढं तपासत बसले. मी असं वाचतो तेव्हा भराभर पानं उलटतो आणि चांगले प्रसंगही हातचे जातात.

ऑडिओबुक ऐकलंय. पट्टीच्या वाक्याला हवालदार आठवला. गाडी चालवत होतो, बाजूला घेऊन थांबवली.

---

अर्धविराम:

तपासनीस, तुमची पहिली दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. मी संपादनाचं काम करतो, त्यामुळे मजकुराच्या मांडणीपुरतंच बोलतो.

तुम्ही ती ओळ प्रकरणाच्या शेवटी ठेवलीय. शेवटच्या ओळीनंतर कोरी जागा असते, वाचक पान उलटायच्या आधी क्षणभर तिथे थांबतो. तिथे ठेवलेली कुठलीही गोष्ट ठळक अक्षरात छापल्यासारखीच. वर 'स्थिर झाली आहे' आणि 'म्हणजे'. 'म्हणजे' आला की वाचकाच्या वतीने निष्कर्ष काढून झाला.

मी असतो तर डॉक्टरांना चार गोष्टी सांगायला लावल्या असत्या आणि ही दुसरी ठेवली असती. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधल्या सांडतात. 'म्हणजे' पासून पुढचं सगळं काढलं असतं. आणि त्याच पानावर, पुढच्या दोन ओळींत, काहीतरी जिव्हाळ्याचं घडवलं असतं. समजा डॉक्टर बोलत असताना पुतणी खाली बसकण मारते. वाचकाचं लक्ष माणसाकडे आधी जातं, वैद्यकीय शब्दाकडे नंतर. माहिती दिलेली असते, मागे जाऊन बघणाऱ्याला सापडते. तुमचा नियमही मोडत नाही.

आणखी एक. सातवं प्रकरण आणि नववं प्रकरण फार जवळ आहेत. डॉक्टरांचं वाक्य आणि पुतणीचा जबाब यांत चार-पाच प्रकरणं तरी जाऊ द्या.

मुद्दाम केलेल्या चुकांच्या यादीबद्दल हात जोडून आभार. अशी यादी देणारे लेखक मला फार थोडे भेटले.

---

रात्रपाळी:

बाई, मी न्यायवैद्यकात काम करते, शवविच्छेदनाच्या टेबलाशी रोजचा संबंध आहे. तुमचं वाचून राहवलं नाही. दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात, आणि मला वाटतं त्यातच तुमचं उत्तर आहे.

पहिली. "सातपर्यंत तरी पालथा होता" असं वाक्य कुठलाही सावध डॉक्टर उच्चारणार नाही. डाग मृत्यूनंतर अर्ध्या तासापासून दोनेक तासांत दिसू लागतात आणि पक्के व्हायला साधारण सहा ते बारा तास घेतात. हा इतका मोठा पट्टा आहे. उष्मा, अंगकाठी, मृत्यूचं कारण, सगळ्याने तो सरकतो. अंगठ्याने दाबल्यावर रंग फिका होतो का, हे आम्ही बघतो. फिका होत असेल तर अजून पक्का नाही. समजा तुमचे काका रात्री अकरा-बाराला गेले आणि आठला उताणे केले गेले, म्हणजे आठ-नऊ तास. या मधल्या काळात फिरवलेल्या देहावर बऱ्याचदा दोन्ही बाजूंना डाग मिळतात. पुढे गडद, पाठीवर फिकट. त्यावरून एवढंच म्हणता येतं की मृत्यूनंतर काही तासांनी देह फिरवला गेलाय. सहाला की आठला, हे त्या डागावरून छातीठोकपणे कुणी सांगणार नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमच्या काकांचे हात 'शांतपणे अंगाशी' असूच शकत नाहीत. मृत्यूनंतर स्नायू ताठरतात, आधी जबडा आणि मान अशा लहान स्नायूंत जाणवतं, मग हातपाय. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. आठ-नऊ तासांनी देह चांगलाच ताठ असतो. माणूस पालथा आणि एक हात छातीखाली दुमडलेला, अशा अवस्थेत ताठरला आणि नंतर उताणा केला, तर तो हात तसाच दुमडलेला, छातीच्या वर अधांतरी राहतो. गुरुत्वाकर्षणाने खाली पडत नाही. असा हात घटनास्थळी दिसला की देह हलवलाय हे आम्ही डाग बघायच्या आधीच ओळखतो. जोर लावून सांधा सरळ करता येतो, पण पूर्ण ताठरलेला सांधा एकदा असा मोडला की पुन्हा ताठरत नाही. मग तपासणीत एकच खांदा सैल आणि बाकी सगळं अंग कडक, तेही सांगतंच.

तुमच्या पुतणीने तो हात बघितला तेव्हा तिने काय केलं? हा प्रसंग तुम्ही लिहिलेलाच नाही.

आणि एक भेट. गळ्यात किल्ली होती म्हणालात. माणूस तिच्यावर पालथा पडला असेल, तर ज्या जागी ती कातडीत रुतली तिथे रक्त साठू शकत नाही. चारी बाजूंनी जांभळट आणि मध्ये ती जागा फिकी राहते. घट्ट कपड्याची, पट्ट्याची खूण आम्हाला अशीच मिळते.

---

कोरी वही:

नमस्कार ताई. मी पहिलीच कादंबरी लिहितोय, विसाव्या प्रकरणावर चार महिने अडकलोय. इथलं सगळं वाचून एक विचारतो, धाग्याशी थोडं सोडून आहे. तुम्ही ती खतावणी लिहायच्या आधी करता की नंतर? मी आधी केली आणि सगळं आधीच ठरल्यामुळे लिहायची इच्छाच गेली.

---

तपासनीस:

मंडळी, काल पहाटे रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचला आणि अडीच तासांत नवीन एक ओळही लिहिली नाही. फक्त जमिनीवर पालथी पडून उजवा हात छातीखाली दुमडला आणि तसाच धरून उताणी झाले. कोपर वर, मनगट हनुवटीच्या खाली, पंजा हवेत. आठ-दहा मिनिटं तशी पडून राहिले. माझ्या पुतणीला सकाळी आठ वाजता त्या खोलीत जे दिसलं असेल, ते मी दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

तिने काय केलं असेल ते आता मला ठाऊक आहे. तिने हात खाली दाबायचा प्रयत्न केला. तो परत तिथेच. दुसऱ्यांदा जोर लावायची तिची हिंमत झाली नाही, कारण ते तिचे काका आहेत, लहानपणी याच हाताला धरून ती चालली आहे. मग तिने पायथ्याची गोधडी उचलली आणि त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. एवढंच. उन्हाळ्यातल्या सकाळी, पंखा चालू असताना, एका माणसाच्या अंगावर गळ्यापर्यंत गोधडी. पहिल्या प्रकरणातच, प्रेत सापडतं तिथेच, ती गोधडी मी आता आडपडदा न ठेवता लिहिणार आहे. 'हात शांतपणे अंगाशी' हे तीन शब्द काल कापले.

अर्धविराम, तुमचं 'म्हणजे' सोन्यासारखं आहे. माझ्या धंद्यात मी हेच कारकुनांना शिकवते: नोंद करा, शेरा मारू नका. आणि स्वतः डॉक्टरांच्या तोंडी शेरा घालून बसले होते. डॉक्टर आता सातव्यात चार गोष्टी सांगतात. डाग पुढे गडद आणि पाठीवर फिकट, ही त्यातली दुसरी. जबाब नवव्यातून उचलून तेराव्यात नेला. बसकण मात्र मारायला लावणार नाही. ही मुलगी कुणासमोर खाली बसणारी नाही. तिच्या हातून डॉक्टरांचा चष्मा खाली पडेल आणि ती तो पदराने पुसत राहील, गरजेपेक्षा जास्त वेळ.

शेवटचं पान, तुम्ही विचारलंत त्यानंतर मी पाचही प्रती पुन्हा काढल्या. तुमचा अंदाज बरोबर आहे. चौघांपैकी तिघांनी 'पुतणी' म्हणजे खुनी असंच धरलं होतं, काल फोन करून खात्री केली. त्याचं कारण मला आता कळतं. मी डॉक्टरांना शास्त्रापेक्षा जास्त बोलायला लावलं होतं. खऱ्या डॉक्टरला जेवढं सांगता येतं तेवढंच सांगितलं, तर तेराव्या प्रकरणात वाचकाला एवढंच कळतं की कुणीतरी काकांना फिरवलं. ते पुतणीने, खुन्याने की तिसऱ्याच कुणी, तो संशय उघडा राहतो. मी दुवा झाकायच्या मागे होते. तो मुळात खरा नव्हता, आणि खरा केल्यावर झाकायची गरजच उरली नाही. गाडी बाजूला घेतलीत हे वाचून फार बरं वाटलं. कलाकार बाईंनाही कळवलं.

कोरी वही, तुमचा प्रश्न धाग्याबाहेरचा अजिबात नाही. खतावणी मी पहिला खर्डा झाल्यावर करते. आधी माझ्याकडे तीनच गोष्टी असतात: कोण मेलं, कुणी मारलं आणि कुणाला ते ठाऊक आहे पण बोलत नाही. बाकी लिहिताना सापडतं. तुम्ही आधी केलेली खतावणी फेकू नका, पण खणात ठेवा आणि विसावं सोडून जे प्रकरण डोळ्यासमोर दिसतंय ते लिहा, मग ते पस्तिसावं का असेना. चौथीचा शेवटचा प्रसंग मी चौथ्याच आठवड्यात लिहिला होता. मधला रस्ता नंतर बांधला. चार महिने थांबलात याचं मनाला लावून घेऊ नका, माझ्या दुसऱ्या पुस्तकात मी सात महिने एका बंद दारापाशी उभी होते.

आता पाचवीचं, थोडक्यात. ठशांवर वाचते आहे. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला, जगातल्या अगदी पहिल्या अशा विभागांपैकी तो एक. ठशांचं वर्गीकरण बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलं, पण त्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन अधिकाऱ्यांनी बसवलं होतं. त्याच सुमाराला जलपायगुडीत एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडलं, त्यावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा. विभागाच्या संग्रहात तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला, त्याला आधी चोरीची शिक्षा झालेली होती. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, खुनाबद्दल नाही. ठसा सांगत होता की तो माणूस तिथे होता. सुरी कुणाच्या हातात होती हे ठसा सांगत नव्हता. ती केस मी वापरणार नाही, ती खऱ्या माणसांची आहे. पण ठसा जुळला आणि तरीही खून सिद्ध झाला नाही, या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत मला एक वर्ष राहायचं आहे. त्या दोन अधिकाऱ्यांच्या टेबलासारखं एक टेबल, त्यावर हजारो कागद, आणि भिंगातून रेषा मोजणारा एक तरुण कारकून. एवढंच दिसतंय सध्या.

रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. पुस्तकात ऋणनिर्देश करायची परवानगी द्याल तर याच टोपणनावाने करेन. आणि एक शेवटची शंका: किल्ली दोनेक इंचांची, आजकालच्या कुलपाची, दातेरी. त्या फिक्या खुणेत दाते ओळखू येतील का? तपास अधिकाऱ्याने ती खूण बघून कपाटापर्यंत पोचावं असं माझ्या मनात आहे.

---

रात्रपाळी:

परवानगी आहे, आनंदाने.

दाते नाही ओळखू येणार. मधे बनियन असेल, कातडी मऊ असते, बारीक कंगोरे पुसट होतात. साधारण आकार मिळेल, तोही नशिबाने. किल्ली जुन्या धाटणीची करा, जाड दांडीची आणि वर गोल कडी असलेली. गोल कडी दाबली गेली तर अंगठीसारखं फिकं वर्तुळ आणि त्याला चिकटून एक पट्टी, असं काहीतरी दिसू शकतं. आणि दोरा विसरू नका. तो मानेपाशी ताणला गेला असेल तर त्याची फिकी रेषही मिळेल. पण दोरा तुमच्या पुतणीने कापला ना?

---

तपासनीस:

सोडवला. गाठ सोडवली. कापला असता तर तिला कात्री आणायला खाली जावं लागलं असतं आणि ती पुन्हा वर येऊ शकली नसती. म्हणजे ती त्या दुमडलेल्या हाताखालून बोटं घालून गाठ सोडवत बसली होती. हे मला आत्ता, तुम्हाला उत्तर लिहिताना कळलं.

किल्ली गोल कडीची केली. सातवं उघडलंय, बाकीचं शरद ऋतूच्या खबरीत.